कार्ड न विकणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, असं तुम्हीच बजावलंय, म्हणून नुसतं काका. नाशिकच्या सिडकोतल्या तुमच्या गाळ्यात गिऱ्हाईकाला बसायला एक स्टूल आणि पीसी ठेवायला तीन टेबलं. तिथून गेम नीट चालणारा पीसी घेऊन घरी गेलेल्या आम्हा आठ-दहा जणांचं हे पत्र आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, तो स्क्रू दे इकडे" म्हणून विषय मोडता. कागदावरचे आभार मोडता येणार नाहीत.

पहिले आभार न विकलेल्या ग्राफिक्स कार्डांचे. गेम अडकतो म्हणून येणारा बहुतेक जण मनात नवं कार्ड ठरवूनच आलेला असतो. ते गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायला जिगर लागते. तुमच्याकडे आधी वही निघते. दोनशे पानी, स्केलने रकाने आखलेली: एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं), जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) किती टक्के, सर्वांत जास्त राबणारा सीपीयूचा (प्रोसेसरचा) कोअर, दोघांचं तापमान आणि भरलेली रॅम. गेम तोच, गेममधली जागा तीच, वीस मिनिटं खेळायचं आणि आकडे उतरवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कोणालाच सांगता येत नाही.

वहीच्याही आधी तुमचा एक ठरलेला प्रश्न: "अडकतो म्हणजे नेमकं काय होतं?" सतत मंद चालतो, की मध्येच झटका बसतो, की आधी मस्त चालून पंधरा-वीस मिनिटांनी ढेपाळतो, की फक्त ऑनलाइन खेळताना समोरचे खेळाडू जागच्या जागी उड्या मारतात? शेवटचं असेल तर पीसी उघडायचाच नाही. तो पिंगचा, म्हणजे इंटरनेटवरून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा मामला. राउटरपासून लॅन केबल ओढून बघायची, वायफाय दोन भिंती ओलांडून येत असेल तर बहुधा तिथेच प्रश्न मिटतो. बाकीच्या तीन तक्रारींची औषधं मात्र वेगवेगळी.

झटक्यांच्या बाबतीत सरासरी एफपीएस फसवते, हे तुम्ही वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं होतं. एका सेकंदात ५९ फ्रेम १६ मिलिसेकंदांच्या आल्या आणि एक ५६ मिलिसेकंदांची आली, तर बेरीज बरोबर १०००. पडद्यावर ६० एफपीएस दिसतात आणि तरी डोळ्याला हिसका जाणवतो. म्हणून आफ्टरबर्नर या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरीच्या शेजारी एक टक्का लो (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावायचा. आलेख सपाट असला पाहिजे. सुळके दिसले की सरासरी कितीही छान असो, उपयोग नाही.

आकडे वाचायची तुमची रीत आता आमच्या अंगवळणी पडली आहे. जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. एफपीएस कमी वाटत असतील तर सेटिंग उतरवा, सुरुवात शॅडोपासून. जीपीयू ५५-६० वर रेंगाळत असेल तर सीपीयूकडे बघा, आणि तिथे टास्क मॅनेजरच्या एकूण टक्क्यांना भुलू नका. सहा कोअर, बारा थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या बारा रांगांच्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड ठासून भरला तरी एकूण आकड्यात तो आठ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. सीपीयू ३० टक्के म्हणून पोरं निर्धास्त राहतात आणि इकडे गेमचा मुख्य थ्रेड केव्हाचा गुडघ्यावर आलेला असतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. एफपीएस जागचे हलले नाहीत, तर कार्ड बदलून कवडीचा फायदा नाही. गर्दी, दूरवरचं दृश्य असली सीपीयूवर पडणारी सेटिंग उतरवायची. आणि दोघंही निवांत असतील, एफपीएस ६० किंवा ३० वर खिळल्यासारखे असतील, तर कुठेतरी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) किंवा फ्रेम लिमिट चालू राहिलेली असते. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावलाय का ते बघायचं.

केबलचे किस्से तर तुमच्या गाळ्याची खासियत. कार्ड कॅबिनेटमध्ये दिमाखात बसलेलं आणि मॉनिटरची एचडीएमआय मात्र वर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये! गेम प्रोसेसरमधल्या पिटुकल्या ग्राफिक्सच्या पोर्टवरून पडद्यावर येतो आणि दोष जातो कार्डाला. (इंटेलच्या नावात शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरवर हा घोटाळा होत नाही, तिथे त्या पोर्टवर चित्रच येत नाही.) दुसरा तसाच फुकटचा उपाय मॉनिटरचा: १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि विंडोज ६० वरच चालू आहे. सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे १४४ निवडायचं. अशा कामाचे तुम्ही पैसे घेत नाही, हे तुमच्या धंद्याच्या दृष्टीने चूक आहे, पण असो.

आता रॅम. यावर तुम्ही जितका वेळ घालवता तितका दुसरं कोणी घालवत नाही. एकच १६ जीबीची पट्टी आणि ८-८ च्या दोन यांत फरक काय, हा प्रश्न स्टुलावर बसलेला प्रत्येक जण विचारतो. एका पट्टीत मेमरीचा एकच चॅनल चालतो, दोनांत दोन. प्रोसेसरला माल दुप्पट रस्त्याने मिळतो. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर कार्डाशिवाय खेळणाऱ्याला तर हा फरक लगेच दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅममधून जेवतात. चार स्लॉट असतील तर पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारी-शेजारी लावल्या की बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात.

मग वेग. खोक्यावर ३२०० छापलेलं असतं, टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर २१३३, २४०० किंवा २६६६ दिसतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं; बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने पळवणारं सेटिंग, चालू करायचं राहून गेलेलं असतं. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर त्यालाच एक्स्पो म्हणतात. चालू केल्यावर पीसी सुरूच झाला नाही तर घाबरायचं नाही: मेन वायर काढायची, बोर्डवरचा सीआर २०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवून परत बसवायचा, बायोस मूळ जागी येतं. पण एच ४१० बोर्डवर दहाव्या पिढीचा आय ५ असेल तर ३२०० ची पट्टी २६६६ वरच पळणार. तिथे डोकं आपटून घेण्यात अर्थ नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगता.

आणि उष्णता. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, पण पीसीच्या संदर्भात ते तुम्हीच पहिल्यांदा लक्षात आणून दिलंत. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात झळकतो तेव्हा आमच्या खोल्याही गार असतात. एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली सहज ३६ अंशांवर जाते. १८ ची खोली ३६ ची झाली की ते अठरा अंश जवळपास जसेच्या तसे प्रोसेसरच्या आकड्यात चढतात. हिवाळ्यात ८० वर सुखाने चालणारा प्रोसेसर उन्हाळ्यात ९८ वर जातो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या घरात. तिथे पोचला की तो जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. "दिवाळीत घेतला तेव्हा मस्त चालायचा, आता बिघडला" ही तक्रार एप्रिल-मे महिन्यांतच का वाढते, ते यात आलं.

त्यावर तुमची परीक्षा एका मिनिटाची: कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम खेळायचा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर हवा खेळत नाही. समोर काच लावलेली सुंदर कॅबिनेटं यात हटकून सापडतात. पुढून हवा आत, मागून बाहेर, पंख्याची चौकट दिसते ती बाजू हवा फेकणारी. झाकण काढूनही आकडा तसाच राहिला तर दोष कूलरच्या (प्रोसेसरवरच्या पंख्याच्या) बसण्यात किंवा त्याच्याखालच्या उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टमध्ये.

इंटेलच्या खोक्यात येणाऱ्या कूलरची ती पांढऱ्या-काळ्या प्लास्टिकची पिन तुम्ही बोर्ड उलटा धरून आम्हाला दाखवली होती. चारांपैकी तीन पिनांची पांढरी टोकं मागच्या बाजूला फाकून घट्ट बसलेली, चौथीचं टोक भोकात अर्धवट अडकलेलं. वरून पाहिलं तर चारही सारख्याच. त्या कोपऱ्यात कूलर केसभर उचललेला होता आणि तेवढ्याने प्रोसेसर शंभरी गाठत होता. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबायच्या, टक् आवाज आला पाहिजे, आणि नंतर बोर्ड उलटा करून चारही टोकं बोटाने चाचपायची. ते चाचपणं बहुतेक लोक गाळतात.

पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, मधोमध. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, हँडवॉशच्या बाटलीतल्या सॅनिटायझरने नाही. रायझनच्या एएम४ बोर्डांवर कूलर सरळ वर उपटायचा नाही: आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करायची, मग पीसी बंद करून कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवायचा. नाहीतर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात. सिंहस्थासाठी रस्ते उकरलेले असल्यामुळे हल्ली कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची गादीच निघते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, भन्नाट फिरू दिला की बेअरिंग खराब होतं.

विजेबद्दल थोडक्यात. गेम रंगात आला की पीसी एकदम रिस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, आठ पिनच्या वायरीतून १५०. ती वायर जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावून ओढलेली दिसली की तुम्ही ती आधी कापून टाकता, ते योग्यच. आणि ६०० व्हीए म्हणून मिळणारा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो.

जुन्या बाजारातली कार्डं हा तुमच्या रागाचा विषय. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग थांबल्यावर राबवून झिजलेली कार्डं धुऊन-पुसून बाजारात आली. आरएक्स ५८० म्हणून २०४८ एसपीचं (स्ट्रीम प्रोसेसर, म्हणजे कार्डातले गणनेचे छोटे भाग) कार्ड गळ्यात मारलं जातं, मूळ ५८० मध्ये २३०४ असतात. बायोस बदलून भलतंच नाव दाखवणारं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जीपीयू-झेड हे तपासणीचं सॉफ्टवेअर नावापुढे फेक असं लिहून दाखवतं. पैसे देण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून ते चालवायचं. आरएक्स ६५०० एक्सटी नव्या बोर्डासाठी ठीक, पण त्याला पीसीआयईच्या (कार्डाच्या स्लॉटच्या) चारच लेन असल्यामुळे तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईच्या बोर्डवर ते अडखळतं, हे विकताना कोणी सांगत नाही.

सॉफ्टवेअरचं तुम्ही नेहमी शेवटी बघता, तेही आता पटलंय. एफपीएस वाढवून देणारी म्हणून जी बूस्टर मिळतात ती पहिली काढायची. ड्रायव्हर बिघडल्याचा संशय असेल तर इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसून नवा टाकायचा. नवा गेम किंवा नवा ड्रायव्हर आला की पहिल्या फेरीत शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना झटके बसतात, तेवढी कळ काढायची. गेम हार्डडिस्कवर असेल तर गल्लीत वळलं की अडकणारच, एसएसडीवर हलवायचा. ४ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर अल्ट्रा ठेवलं की मेमरी भरून तसेच सुळके दिसतात. टेक्स्चर दोन पायऱ्या उतरवलं की बहुधा आलेख सपाट होतो.

एक गोष्ट मात्र तुमची पटत नाही, रागावू नका. विंडोज अपडेट कायमचं बंद करून देता ते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ वर आलेल्यांना तरी सुरक्षेचे अपडेट मिळू द्या. खेळताना मध्ये येऊ नये एवढ्यासाठी पाच आठवड्यांपर्यंत पॉझ करता येतं, तेवढं पुरे.

तुमची वही संपत आली आहे, म्हणून पत्रासोबत नवी पाठवतोय. पाच रकाने तुमच्यासारखेच आखलेत. सहावा आम्ही वाढवला आहे, खोलीच्या तापमानाचा, म्हणजे डिसेंबरच्या पानाशी एप्रिलचं पान ताडून बघता येईल. भिंतीवर टांगायचं थर्मामीटरही पिशवीत आहे. ते टेबलाजवळच्या खिळ्याला अडकवा, पण कॅबिनेटच्या मागे नको. तिथे पंख्याची गरम हवा येते, आकडा चुकीचा दाखवेल.

आपली,
गाळ्यासमोरच्या पायरीवर बसणारी मंडळी