मुंबई महापालिकेची इमारत दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी महापालिका मुख्यालयाच्या हेरिटेज वॉकला काठी टेकत आलेले एक काका तुम्हाला आठवत असतील. ते माझे बाबा. महापालिकेतूनच दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी वॉर्ड ऑफिसात गेली. मुख्यालयात यायचे ते फायली घेऊन, आणि सही झाली की लोकल गाठायला निघायचे. मान वर करून इमारत बघायला कधी सवडच मिळाली नाही, असं ते नेहमी म्हणायचे.

जिन्यापाशी त्यांना धाप लागली. तुम्ही सगळ्यांनाच तिथे थांबवलंत आणि इतिहास तिथूनच सुरू केलात. त्यामुळे बाबांना आपल्यापायी कुणी खोळंबलंय असं वाटलं नाही. १८८४ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते पायाभरणी, १८९३ साली काम पूर्ण. वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, समोरचं व्हिक्टोरिया टर्मिनसही त्यांचंच. जागा दोन रस्त्यांच्या बेचक्यातली, म्हणून इमारतीचं तोंड थेट कोपऱ्याकडे आणि त्यावर २३५ फुटांचा मनोरा. दर्शनी भागावरची पंख असलेली ती स्त्री म्हणजे भारतातल्या पहिल्या शहराचं, मुंबईचं रूप. इतकी वर्षं तिच्या खालून गेलेले बाबा तिच्याविषयी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग तुम्ही खर्च सांगितलात. मंजुरी ११,८८,०८२ रुपयांची, प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९. बाबा लगेच म्हणाले, "अडुसष्ट हजार एकशे तेरा वाचले!"

पुढची दालनं बघायची राहिली होती, तरी तुम्ही त्यांना विचारलंत, "काका, एस्टिमेट कसं करायचात तुम्ही?" बाबा पाच मिनिटं बोलले. मोजमापं, दर, काम सुरू झाल्यावर निघणाऱ्या जादा बाबी, सगळं. निवृत्तीनंतर त्यांना त्यांच्या कामाबद्दल इतक्या आस्थेनं कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. याबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून हे पत्र.

आता त्यांना आईला घेऊन यायचंय. जिन्यापाशी खर्चाचा आकडा आपणच सांगणार म्हणतात. तेवढा त्यांना सांगू द्याल ना?

तुमची,
त्या काकांची मुलगी