घाबरट नव्हता तो पासांग

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला केटूवरचा, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरचा लेख वाचला, लेख तसा छानच होता, फोटोपण मस्त, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हे पत्र. १९३९ साली अमेरिकन टीम शिखराच्या अगदी जवळ पोचली होती पण सोबतचा शेर्पा भुतांना घाबरला आणि चान्स गेला, असं तुमच्या लेखकाने एका ओळीत उरकून टाकलंय. त्या शेर्पाचं नाव सुद्धा नाही.

नाव होतं पासांग दावा लामा. नेपाळचा माणूस, पण कामासाठी दार्जिलिंगला, कारण तेव्हा नेपाळ परदेशी लोकांसाठी बंदच होता आणि हिमालयातल्या मोहिमांना लागणारे शेर्पा दार्जिलिंगलाच मिळायचे. शेर्पा लोकांत जन्मवारावरून नाव ठेवायची पद्धत आहे, पासांग म्हणजे शुक्रवार, दावा म्हणजे सोमवार, आता एकाच माणसाच्या नावात दोन वार कसे आले ते मला विचारू नका. त्या मोहिमेत पासांगच तीन होते, हा, दुसरा पासांग किकुली आणि तिसरा पासांग किटार. त्यामुळे नुसतं 'पासांग' लिहिलं की हमखास घोळ होतो, आणि नावच नाही लिहिलं की मग प्रश्नच मिटला!

आता त्या संध्याकाळबद्दल. तारीख १९ जुलै. मोहिमेचा नेता फ्रिट्झ विसनर पुढे आणि पासांग खाली बिले देतोय, म्हणजे रोप सांभाळतोय, उंची साधारण ८,३७० मीटर, ऑक्सिजन नाही, शिखर उरलंय जेमतेम अडीचशे मीटर. वाजलेत सहा. अवघड खडक बहुतेक संपलाय आणि विसनर म्हणतोय रात्रभर चढत राहू. तो पुढे सरकायला बघतो तर रोप येईचना. पासांगने घट्ट धरून ठेवलेला. नाही साहेब, उद्या, एवढंच म्हणाला. भुतांची भीती असेलही मनात, तसं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे, पण तेवढंच कारण धरायचं का?

कारण दोनच वर्षांपूर्वी, मे १९३७ मध्ये, हा माणूस स्पेन्सर चॅपमन या ब्रिटिश गिर्यारोहकाबरोबर भूतान-तिबेट सीमेवरच्या चोमोल्हारीच्या माथ्यावर जाऊन आला होता, दोघंच होते, आणि त्या शिखरावर त्याआधी कोणी गेलेलं नव्हतं. उतरताना पासांगचा पाय सुटला आणि दोघंही घसरत गेले, चॅपमनची आइस अॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) कशीबशी रुतली म्हणून वाचले. तिथून खाली यायला मग कित्येक दिवस गेले, हवा खराब, जवळ खायला फारसं काही नाही. दमलेल्या अंगाने उतरताना काय होतं हे पाहून आलेल्या माणसाने संध्याकाळी सहाला रोप सोडला नाही, तर याला तुम्ही घाबरट म्हणणार?

हां, एक गोष्ट त्याच्या खात्यावर जरूर टाका. त्याच रात्री उतरताना त्याच्या सॅकला बांधलेले दोघांचे क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी काटे) रोपात अडकून खाली गेले, आणि दोन दिवसांनी परत चढले तेव्हा क्रॅम्पॉनशिवाय बर्फात पायऱ्या खोदत जाणं जमलं नाही. झालं ते झालं. पण याच मोहिमेत वरच्या कॅम्पवर अडकलेल्या डडली वुल्फ या अमेरिकन सदस्याला आणायला किकुली, किटार आणि फिन्सू हे शेर्पा गेले, तिघंही परत आले नाहीत आणि वुल्फपण नाही. तुमच्या अख्ख्या पानभर लेखात या तिघांना एक ओळ मिळाली नाही याचं जास्त वाईट वाटलं.

आणि पासांगची गोष्ट तिथे संपत नाही ना. १९५४ मध्ये हर्बर्ट टिखीची छोटीशी ऑस्ट्रियन मोहीम एव्हरेस्टजवळच्या चो ओयू शिखरावर गेली. वादळात तंबू उडायला लागला तो टिखीने उघड्या हातांनी धरून ठेवला आणि त्याचे हात हिमदंशाने गेले कामातून. पासांग तेव्हा सामान आणायला नामचे बाजार या खालच्या शेर्पा गावात उतरलेला होता. तिथे कळलं की रेमंड लॅम्बर्टची स्विस टीमपण याच शिखरावर डोळा ठेवून आहे. मग काय, गडी साधारण ४,००० मीटरवरून निघाला तो तीन दिवसांत माथ्यावर, टिखी आणि त्याचा सोबती योखलरला घेऊन! १९ ऑक्टोबर १९५४, ८,१८८ मीटर, तेही ऑक्सिजनशिवाय. शिवाय लग्नाची पैज होती, शिखर सर केलं तर मुलगी मिळणार, नाही तर मुलीच्या घरच्यांना हजार रुपये द्यायचे. लग्न झालं. :)

चार वर्षांनी मे १९५८ मध्ये केकी बुनशहांच्या भारतीय मोहिमेतून तो सोनम ग्यात्सोबरोबर परत त्याच शिखरावर गेला. मेजर नरेंद्र जयाल यांचा त्या मोहिमेत मृत्यू झाला, तेही लक्षात ठेवायला हवं.

तर एवढंच म्हणणं आहे की पुढच्या रविवारी एक छोटी दुरुस्ती छापा. आणि त्याच पानावर कोपऱ्यात शिखरांचा जो तक्ता दिलाय त्यात चो ओयूसमोर फक्त दोन नावं आहेत, तिसरं घाला. पूर्ण घाला, पासांग दावा लामा.

आपला,
एक जुना वाचक