रोख किती आली?

नौपाडा, ठाणे
१५ नोव्हेंबर

चि. ओंकार,

काल रात्री साडेअकराला तू फोन केलास, "आई, कंपनीचा नफा ४० टक्के वाढलाय, बातमीची हेडलाइन हीच ना?" अर्धवट झोपेत मी म्हटलं, "रोख किती आली ते बघ." तू चिडलास. म्हणून हे पत्र.

सप्टेंबरची तिमाही संपली की कंपन्यांना निकालासाठी ४५ दिवस मिळतात. आकडे चांगले असलेले आधीच मिरवून मोकळे होतात. १४ नोव्हेंबरला, तेही बाजार बंद झाल्यावर जे येतात, त्यांचे कागद दोनदा वाचायचे. (सगळेच लबाड नसतात, काही नुसतेच आळशी.) त्यात जून आणि डिसेंबरच्या निकालांसोबत कॅश फ्लो, म्हणजे रोख किती आली-गेली याचा तक्ता, द्यावा लागत नाही, सप्टेंबर आणि मार्चला लागतो. म्हणजे वर्षातून दोनदाच तो तुझ्या हातात पडतो आणि काल तू तो न उघडताच बातमी सोडणार होतास.

मीही हेच केलंय. तू तिसरीत होतास. एका कंपनीच्या प्रेसनोटमधला 'विक्रमी नफा' मी जसाच्या तसा उचलला. वार्षिक अहवाल टेबलावरच होता. येणी वर्षात दीडपट झाली होती, म्हणजे माल गेला होता, पैसे आलेच नव्हते. पण मला ठाणे फास्ट गाठायची होती.

दीड वर्षात शेअर पाव किमतीला आला. तळमजल्यावरच्या काकांनी निवृत्तीच्या पैशातले काही त्यात घातले होते. जिन्यात थांबवून त्यांनी कात्रण दाखवलं. माझ्या नावाखाली लाल पेनाने रेघ. "तुमचंच ना हे?" एवढंच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रोख दिसली म्हणजे सुटलो, असंही नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदात ५,३६१ कोटींची रोख होती. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच लिहून दिलं की त्यातले ५,०४० कोटी नाहीतच. त्यावरचं ३७६ कोटींचं व्याजही खोटंच. म्हणून कुठल्याही कंपनीच्या ऑडिटरने मध्येच राजीनामा दिला, की आपण कान टवकारायचे.

आणि तुझ्या डिमॅट खात्यात कुठले शेअर आहेत ते संपादकांना आधीच लिहून दे, विचारायची वाट बघू नकोस.

रविवारी ये. काकांनी ते कात्रण अजून ठेवलंय. मागितलंस तर दाखवतील.

तुझी,
आई