बाकाला हात

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "दर शनिवारी त्या शाळेत जाऊन तू नेमकं करतोस तरी काय?" आणि मी "मुलांना डिझाइन थिंकिंग शिकवतो" एवढं बोलून विषय संपवला. फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. तू इतकी वर्षं वर्गावर उभी राहतेस, तुला तरी नीट सांगायला हवं होतं. डिझाइन थिंकिंग म्हणजे लोकांची अडचण आधी नीट समजून घ्यायची, मग साधे नमुने करून, वापरून बघत उपाय शोधायचा. ते आम्ही कसं करतो, ते सांगायला हे पत्र.

आमच्या गटात दहा-अकरा वर्षांची चौदा मुलं आहेत. पहिल्या दिवशी त्यांना एवढंच सांगितलं: शाळेभोवती हिंडा, कोणाची कुठे अडचण होते ते बघा, आणि उपाय सुचला तरी आज तो बोलायचा नाही. मुलं परत आली ती बसथांब्याची गोष्ट घेऊन. तिथलं बाक रिकामं असतं आणि म्हातारी माणसं खांबाला धरून उभी असतात. असं का? अंदाजांना ऊत आला. बाक ओलं असेल, बस चुकायची भीती असेल. तेवढ्यात मी म्हणालो, "वर छप्पर घातलं तर?" पुढ्यात वही उघडून बसलेल्या मुलीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. सरांनी उत्तर दिलं, आता विचार कशाला करायचा! चूक माझी होती. ती पेन्सिल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या शनिवारी मी तोंडाला कुलूप लावलं. मुलांनी थांब्यावरच्या एका आजोबांनाच विचारलं. ते म्हणाले, "बसता येतं, उठता येत नाही." बाकाला हात नव्हते, आणि ते बुटकंही होतं. रेटा द्यायला काही नसेल तर थकलेल्या गुडघ्यांनी उठायचं कसं? छपराचा त्या अडचणीशी काडीचाही संबंध नव्हता.

मग वर्गात मुलांनी गुडघ्यांवर जाड कापड घट्ट गुंडाळलं, हात छातीशी बांधले आणि बुटक्या स्टुलावरून उठून बघितलं. आधी हसाहशी झाली. चार-पाच वेळा मागे पडल्यावर वर्ग शांत झाला. दुसऱ्याची अडचण आपलीशी करून जाणणं, इंग्रजीत ज्याला 'एम्पथी' म्हणतात, ती अशी अंगाला कळावी लागते. फळ्यावर व्याख्या लिहून ती येत नाही, हे तुला मी काय सांगायचं!

बाकाचे पहिले हात पुठ्ठ्याचे केले. दुसऱ्याच दाबाला वाकले. ते स्वस्त होते, घाईत केलेले होते, म्हणून मोडले तरी कोणी हिरमुसलं नाही, आणि नमुना तसाच करायचा असतो. दुसरे लाकडी फळीचे. त्यावर हात टेकून एक आजी म्हणाल्या, "फार उंच झाले, खांदे वर जातात." मग मुलांनी मोजपट्टी घेऊन सात जणांच्या कोपरांची उंची बसल्या जागी मोजली आणि फळी खाली आणली. ज्याला गणिताचा कंटाळा आहे असं शाळेत सगळे म्हणतात, तो मुलगा सात आकड्यांची सरासरी स्वतःहून काढत बसला होता. काढून झाल्यावर तोच म्हणाला, "पण सरासरी घेतली तर सगळ्यात बुटक्या आजींना उंचच पडेल." ताई, मी थक्क झालो.

या कामात मला आधार वाटतो तो आपल्याकडच्याच किरण बीर सेठी यांचा. त्या स्वतः डिझाइनर. २००१ मध्ये त्यांनी अहमदाबादला रिव्हरसाइड शाळा काढली आणि २००९ मध्ये 'डिझाइन फॉर चेंज' हा मुलांनी भोवतालच्या अडचणी स्वतः सोडवायचा उपक्रम सुरू केला. मुलांना आठवतील अशा चारच पायऱ्या त्यांनी ठेवल्या: जाणून घ्या, कल्पना करा, करून बघा, इतरांना सांगा. त्यांच्या पाचवीच्या मुलांनी बालमजुरीचा धडा शिकताना आठ तास अगरबत्त्या वळल्या होत्या. कष्ट असे अंगावर घेतलेलं मूल बालमजुरीवर जे बोलेल, ते पाठ केलेलं नसेल.

एक धोका मात्र आहे, आणि तो आपण मोठी माणसंच आणतो. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना हवं तसं वापरून घेणं, शोभेला उभं करणं, आणि नावापुरतं विचारणं. आपण किती वेळा मुलांच्या हातात आपल्याच घोषणेचे फलक देतो आणि त्याला उपक्रम म्हणतो! संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा त्यांना हक्क आहे आणि त्या मताला वजन द्यायला हवं. भारतानेही १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. तरी वर्गात शेवटचा शब्द कोणाचा असतो, हे तू आणि मी दोघेही जाणतो.

तुझ्या पाचवीत करून बघशील? साहित्य लागत नाही, वेळ लागतो. दोन तास नुसते बघण्यात आणि विचारण्यात जाऊ दे, अभ्यासक्रम मागे पडतोय असं वाटलं तरी. अडचण मुलांनाच निवडू दे, आणि ती आवाक्यातली असावी. त्यांना शाळेचा जिना सुधारता येईल, जगाचं प्रदूषण नाही. आणि उत्तर तुला आधी दिसलं तर माझ्यासारखं बोलून टाकू नकोस.

येत्या गुरुवारी मुलं इथल्या पालिकेत लाकडी नमुना घेऊन जाणार आहेत. होकार मिळेलच असं नाही, पैशांचा प्रश्न निघेल. बोलायचं काम त्या पेन्सिलवाल्या मुलीकडे आहे. मला त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर बसायला सांगितलंय, आणि मी तिथेच बसणार आहे.

आई-बाबांना नमस्कार. काय झालं ते शुक्रवारी फोनवर सांगतो.

तुझा,
धाकटा