मडके गेले, मटका राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मटक्याच्या अड्ड्यावरील छाप्याच्या बातमीत ‘तीन आकडी जोडी’ असे छापून आले आहे. जोडी दोनच आकड्यांची असते. तीन आकड्यांचा तो पाना, म्हणजेच पत्ती. मटक्याचे शब्द कुठून आले ते माहीत असले की असा घोळ होत नाही.

न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत. बाजार उघडतानाच्या आणि बंद होतानाच्या भावावर लोक पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेव्हाचे, म्हणजे मडक्याच्याही आधीचे. १९६१च्या सुमारास हा प्रकार बंद पडला आणि ० ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून एक उचलायची पद्धत आली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. मडके गेले, नाव चिकटले ते चिकटलेच. मराठी घरात पाणी असते ते माठात. मटका म्हटले की आपल्याला आकडाच आठवतो.

तीन पत्ते काढतात. समजा २, ५, ६ निघाले. बेरीज १३, शेवटचा आकडा ३, हा झाला ओपन. क्लोजला ४, ४, ९ निघाले तर बेरीज १७, म्हणून ७. जोडी ३७, आणि पूर्ण निकाल २५६-३७-४४९. पाना चढत्या क्रमाने लिहितात, पण शून्य नऊच्या पुढे धरतात. म्हणून १२० असतो, ०१२ कधीच नसतो. त्यामुळे असे तीन आकडी पाने हजार नव्हे, २२० च होतात: तिन्ही आकडे वेगळे असलेले १२०, दोन सारखे असलेले ९० आणि तिन्ही सारखे असलेले १०.

एका आकड्याला रुपयाला नऊ आणि जोडीला रुपयाला नव्वद, हा रूढ भाव. आकडे दहा आणि जोड्या शंभर, तेव्हा रुपयातले दहा पैसे चालवणाऱ्याचे ठरलेलेच.

‘सट्टा-मटका’ हा जोडशब्दही टाळावा. सट्टा हा मुळात सौद्याचा शब्द, ‘साटेलोटे’मधल्या ‘साटे’चा नातलग: माल न हलता नुसत्या भावफरकावर केलेला व्यवहार. क्रिकेटवर लावतात तो सट्टा, आकड्यावर लावतात तो मटका.

आपला,
एक वाचक