बाबा, हा स्कॅन वेगळा आहे

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, काल तुम्ही फोनवर म्हणालात, "पेट स्कॅन झालाय, त्यात काही निघालं नाही, मग परत खर्च कशाला?" पण तो स्कॅन साखरेचा होता. साखर भराभर ओढणाऱ्या पेशी त्यात दिसतात. तुमची आतड्यातली गाठ न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, सावकाश वाढणारी. अशा गाठी साखर फारशी ओढत नाहीत, म्हणून त्यातून निसटतात. आणि इकडे तुमचं तोंड लाल होणं, जुलाब, काहीच थांबत नाही.

परळला करायचा तो गॅलियम डोटाटेट स्कॅन. आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं हार्मोन असतं, बाकीच्या हार्मोन्सना आवर घालणारं. ते धरून ठेवणारे रिसेप्टर या गाठींच्या पेशींवर बहुतेक वेळा भरपूर असतात. त्या हार्मोनसारखंच एक छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, घेऊन त्याला किरण सोडणारं गॅलियम-६८ जोडतात आणि शिरेतून देतात. ते रक्तातून फिरत अशा पेशींना जाऊन चिकटतं आणि स्कॅनमध्ये त्या जागा उठून दिसतात. यकृतात, हाडात कुठे बारीकसं काही पसरलं असेल, तर तेही बहुधा कळतं.

किरणांची धास्ती घेऊ नका. हे गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, रात्रीपर्यंत नावापुरतं उरतं. तेवढा दिवस मनूला मांडीवर घेऊ नका आणि पाणी भरपूर प्या. पण याच कारणाने तिथे उशीर चालत नाही, तुमच्यासाठी काढलेला डोस वाट बघत थांबत नाही. कोकणकन्येने पहाटे दादरला उतरून थेट जायचा बेत नको, आदल्या दिवशीच घरी या. महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन कधी घ्यायचं ते मी डॉक्टरांना विचारते, मनाने पुढेमागे करू नका.

आई, इरफान खानचं नाव काढून तू रडलीस. त्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच होता, खरं आहे. पण हे सगळे ट्यूमर एका चालीचे नसतात गं. फिल्मवर प्लीहा, मूत्रपिंडं, मूत्राशय काळीकुट्ट दिसतील, ती सगळ्यांचीच तशी दिसतात. आणि गाठी ठळक उमटल्या, तर उपचाराची एक वाट उघडते: तशाच पेप्टाइडला ल्युटेशियम-१७७ जोडून गाठींना आतूनच किरण देता येतात. ते ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं. म्हणून मला हा स्कॅन हवाच आहे, बाबा.

बायॉप्सीचा रिपोर्ट, स्लाइड्स आणि आधीच्या स्कॅनची सीडी पिशवीत वरच ठेवा.

तुमची,
मीना