मॅडम, त्या दिवशी तुम्ही इंजेक्शन दिलं नाहीत त्याबद्दल

मॅडम नमस्कार,

तुमच्याकडे रोज इतक्या बायका येतात की मी आठवत असेन की नाही माहीत नाही. तासगावहून यायची ती, आययूआयची (नवऱ्याचं वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडतात ती ट्रीटमेंट) त्या महिन्याची सायकल कॅन्सल झाली म्हणून तुमच्या टेबलासमोर हुंदके देऊन रडलेली, ती मी. पत्र क्लिनिकमध्ये आणून देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आत्ता सुद्धा कुणीतरी त्याच खुर्चीत बसून डॉक्टरांवर चिडलेली असेल.

आमच्या गावचा गणपतीचा रथ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून मिरजेला आलो होतो. लग्नाला सात वर्षं झालेली, तिसरं आययूआय, नऊ दिवस रोज पोटात सुई. स्क्रीनवर काळे गोल दिसत होते आणि तुम्ही एकेक मोजून सिस्टरना लिहायला सांगत होता, उजवीकडे 18, 17, 16 मिलिमीटर, डावीकडे 19, 17, 16. आधीच्या दोन्ही वेळेला एकेकच फॉलिकल (बीज वाढतं ती पिशवी) होतं, आता सहा! मी तिथंच पडल्या पडल्या गणपतीला नारळ बोलले. आणि तुम्ही जेल पुसायला टिश्यू देत म्हणालात, ट्रिगर, म्हणजे बीज फोडायचं इंजेक्शन, द्यायचं नाही, आणि या आठवड्यात घरी पण जपा, जवळ येऊ नका.

ह्यांनी विचारलं, मॅडम दोन झाली तर उलट बरंच की. तुम्ही चिडला नाहीत. रिपोर्ट उलटा केलात, मागे पेनाने सहा गोल काढलेत आणि सांगितलंत की आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीत, किती गर्भ आत सोडायचे ते आपल्या हातात असतं, इथे सहा बीजं फुटली तर किती धरतील ते कुणाच्याच हातात नाही, दोन, तीन, चार पण. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत येतात, तिळी तर साधारण 32-33 लाच, आणि आईचं बीपी, शुगर, बाळंतपणानंतरचं ब्लीडिंग, सगळ्याचाच धोका वाढतो. मग हळू आवाजात म्हणालात, चार राहिली तर बाराव्या आठवड्याच्या आसपास एक-दोन थांबवायची वेळ येते, आणि त्यात सगळीच जायची भीती असते. सात वर्षं थांबून ते ठरवायला तुम्ही दोघं तयार आहात का?

खरं सांगते मॅडम, तेव्हा यातलं काही डोक्यात शिरलं नाही. परत जाताना एसटीत खिडकीकडे तोंड करून तुम्हाला खूप बोलले मी. इंजेक्शनांचे पैसे पाण्यात, महिना फुकट, आणि सासूबाई वर म्हणाल्या की जुळी म्हणजे एका दमात सगळं उरकलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या मावसबहिणीची डिलिव्हरी झाली. तिची पण ट्रीटमेंट, दुसऱ्या शहरात. किती फॉलिकल आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, रिस्पॉन्स छान आहे एवढंच. तिळी राहिली आणि 30 व्या आठवड्याला आली, 1250 ग्रॅम, 1100 आणि तिसरी 900. मी पाच आठवडे तिच्यासोबत राहिले. दर दोन तासांनी मोबाईलचा गजर, उठून दूध काढायचं, छोट्या बाटल्यांवर 1, 2, 3 असे नंबर लिहून एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) काचेपाशी द्यायचं. सुरुवातीला एकेका बाळाला 2 एमएल, तेही नळीतून. नवव्या दिवशी तिसरी गेली. त्या रात्री गजर झाल्यावर बहीण उठली, दूध काढलं आणि तिसऱ्या बाटलीवर पण नंबर लिहून बसली, आणि मग पेन तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मला तिथे तुमचे ते सहा गोल दिसले मॅडम.

जानेवारीत परत तुमच्याकडे आले. डोस कमी केलात, दोनच फॉलिकल आली, नाही राहिलं. मग आयव्हीएफ. एवढं सगळं बघून सुद्धा ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ आत सोडायच्या दिवशी माझ्या तोंडून निघालंच, मॅडम दोन सोडा ना, चान्स वाढेल. तुम्ही परत तितक्याच शांतपणे सांगितलंत की ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात आयव्हीएफच्या शंभरातल्या साधारण 28 बाळंतपणात जुळी-तिळी असायची, एकेकच गर्भ सोडायला लागल्यावर 2019 पर्यंत ते 6 वर आलं आणि यश काही कमी झालं नाही, उलट वाढलं. एकच सोडला, तीन फ्रीज केले. आणि हेही आधीच बोललात की एकाचे कधी कधी आपोआप दोन होतात, तसं झालं तर घाबरू नका, लवकर सोनोग्राफी करून नीट लक्ष ठेवू. पेशंटला काही न लपवता सांगणं किती मोठी गोष्ट आहे हे मी मावसबहिणीकडे बघून शिकलेय.

पहिल्या सोनोग्राफीला मी आधी आहे का नाही हे विचारलंच नाही, किती आहेत विचारलं. एकच आहे, ठोके छान आहेत, असं तुम्ही म्हणालात आणि मी परत तुमच्यासमोर रडले.

मुलगी 38 आठवडे पूर्ण करून आली, 2 किलो 900. बाळ जन्मल्या जन्मल्या माझ्या छातीवर दिलं, कुठली काच मध्ये नव्हती. तो उलटा केलेला रिपोर्ट अजून फाईलमध्ये जपून ठेवलाय.

तुमचे खूप खूप आभार मॅडम, तेव्हा बोलले त्याबद्दल माफ करा. आणि सायकल कॅन्सल झाली म्हणून कुणी फार रडायला लागली तर तिला माझा नंबर द्या, तुमच्या रिसेप्शनला आहे. दुपारी बाळ झोपलेलं असतं, मी बोलेन तिच्याशी.